नीलकंठभाऊंनी तीन दिवस न दाबलेलं बटण

१४ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी पावणेअकरा. कारंजा शहराजवळची रोपवाटिका, ऑफिसची खोली.

हजर: नीलकंठभाऊ, रोपवाटिकेचे व्यवस्थापक. सुषमा, काउंटरवर नोंदी करणारी. शोभाताई वानखडे, कामरगावकडच्या भाजीपाला शेतकरी, टमाट्याची रोपं न्यायला आलेल्या. मी, डेटाबेस सांभाळणारी, वाशीमहून सकाळच्या बसने आलेली. रोपवाटिका चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष फोनवर.

डायरीत मी कुठेही गेले की आधी हजेरी लिहिते. नंतर कोण काय म्हणालं यावर वाद होतो, तेव्हा उपयोगी पडते.

तक्रार अशी होती. सुषमाच्या कॉम्प्युटरवर काही शेतकऱ्यांची नोंद होत होती आणि काहींची अडकत होती. अडकली की स्क्रीनवर गोल फिरायचा, जवळपास मिनिटभर, आणि मग एक इंग्रजी ओळ यायची. सुषमा ती ओळ वाचायची नाही, ओके दाबायची. कालपासून चाललं होतं. आज शोभाताईंची नोंद अडकली होती.

नोंद अडकली म्हणजे रोपं अडकली. 'रोपं दिली' अशी नोंद झाल्याशिवाय शेडमधून एकही ट्रे बाहेर काढायचा नाही, हा इथला नियम आहे आणि चांगला आहे. शोभाताईंचे साठ ट्रे होते. एका ट्रेला एकशेचार खड्डे, म्हणजे सहा हजारांच्या वर रोपं, एका एकराची. वावरात बेड पाडून, मल्चिंगचा कागद अंथरून, भोकं पाडून झाली होती. नवीन रोपं तयार व्हायला बी टाकल्यापासून महिना लागतो. आज रोपं मिळाली नाहीत तर ती भोकं महिनाभर रिकामी राहणार होती.

"मॅडम, तुमचं ते गोल कधीचं फिरून राह्यलं," शोभाताई म्हणाल्या. "मी धा वाजतापासून उभी हावो. आठ बाया बोलावल्या वावरात. त्या तिथं बसून शेंगा फोडून राह्यल्या असतीन."

"बघते ताई. पाच मिनिटं."

"सुषमा बी पाच मिनिटंच म्हणे."

तेवढ्यात अध्यक्षांचा फोन आला. सुषमाने स्पीकरवर टाकला.

"मॅडम, एकदा सगळं बंद करून चालू करा ना. माहा टीव्ही तसाच नीट होते."

सुषमाने लगेच स्विचकडे हात नेला. ती कालपासून हेच करायचं म्हणत होती. मी तिला हात खाली घ्यायला सांगितलं. बंद करून चालू केल्याने बहुतेक वेळा दुरुस्ती होते, हे खरं आहे. पण काय बिघडलंय हे कळायच्या आधी बंद केलं, तर ते कधीच कळत नाही. शिवाय काहींचं चालतं आणि काहींचं अडकतं, याचा अर्थ मशीन ठीक आहे. कुणीतरी ठरावीक ओळी धरून बसलंय.

इथे थोडं समजावून सांगते. डेटाबेस म्हणजे अनेक रजिस्टरं एकमेकांना बांधून ठेवलेली. एक शेतकऱ्यांचं, एक ट्रेंचं, एक बुकिंगचं. प्रत्येक रजिस्टरला टेबल म्हणतात. सुषमा त्यात थेट लिहीत नाही. तिच्यासमोर मी करून दिलेला फॉर्म असतो. ती रकाने भरते आणि ते योग्य टेबलात जाऊन बसतात. मी मात्र टेबलं थेट उघडते. त्यासाठी एक प्रोग्रॅम असतो. तो कॉम्प्युटरवर टाकला की डावीकडे सगळ्या टेबलांची यादी दिसते, एकावर क्लिक केलं की उजवीकडे त्याच्या ओळी उघडतात. ओळीत जाऊन नाव, गाव, संख्या बदलता येते. घराच्या पुढच्या दारातून न जाता छप्पर उचलून आत बघण्यासारखं आहे. मला हा प्रोग्रॅम फार आवडतो. त्यात काय उघडं आहे आणि कोणी उघडलंय, तेही दिसतं.

मी लॅपटॉप उघडला आणि तीच यादी पाहिली. चार कनेक्शनं होती. एक माझं. दोन सुषमाच्या फॉर्मची. चौथं अडुसष्ट तासांपासून उघडं होतं. ते काहीही करत नव्हतं आणि खूप काही धरून बसलं होतं.

"अडुसष्ट तास म्हणजे शनिवार," मी म्हणाले. "शनिवारी दुपारी अडीचच्या सुमाराला कोण काम करत होतं?"

सुषमाने आतल्या खोलीकडे पाहिलं. आतल्या खोलीत नीलकंठभाऊंचा कॉम्प्युटर आहे. त्यावर टॉवेल टाकलेला होता आणि टॉवेलला टाचणीने चिठ्ठी लावलेली होती: 'बंद करू नये. काम चालू आहे.' खाली सही.

"भाऊ, हे काय काम चालू आहे?"

नीलकंठभाऊ शेडमधून हात पुसत आले. साठीच्या जवळचा माणूस, अक्षर मोत्यासारखं, पूर्वी इथलं सगळं कागदी रजिस्टर त्यांच्याच हातचं. ते शोभाताईंकडे न बघता सरळ आत गेले.

"ते माही पेन्सिल हाय, मॅडम," ते म्हणाले.

मला समजलं नाही. त्यांनी समजावलं. कागदी रजिस्टर होतं तेव्हा फोनवर आलेलं बुकिंग ते पेन्सिलने लिहायचे. शेतकरी स्वतः येऊन टेबलासमोर उभा राहिला आणि 'हो, इतके ट्रे, या तारखेला' म्हणाला, की त्यावर शाई फिरवायची. फोनवर माणूस काहीही बोलतो, समोर आला की खरं बोलतो, असा त्यांचा अनुभव. वीस वर्षं ही पद्धत चालली आणि भांडण झालं नाही. कॉम्प्युटर आल्यावर त्यांची एकच तक्रार होती: यात पेन्सिल नाही. जे लिहिलं ते लगेच पक्कं.

दोन महिन्यांपूर्वी त्यांना गावनिहाय याद्या हव्या होत्या. माझ्या फॉर्ममध्ये तशी सोय नव्हती. म्हणून मी त्यांच्या कॉम्प्युटरवर तोच टेबलं उघडायचा प्रोग्रॅम टाकून दिला. फक्त बघायला. पण फक्त बघण्यापुरता वेगळा पासवर्ड करायला वेळ नव्हता, बस सुटायची होती, म्हणून माझाच घातला. आणि माझ्या सवयीप्रमाणे दोन सेटिंग करून ठेवल्या. पहिली, कमिट हाताने करायचं. म्हणजे ओळीत काही बदललं तरी 'कमिट' हे बटण दाबेपर्यंत ते पक्कं होत नाही. शेजारचं 'रोलबॅक' दाबलं तर झालेले सगळे बदल पुसले जातात. दुसरी सेटिंग, कनेक्शन जागं ठेवायचं, कितीही वेळ झाला तरी.

निघताना मी म्हणाले होते, "भाऊ, चुकून कशाला हात लागला तरी घाबरू नका. कमिट दाबेपर्यंत काही पक्कं होत नाही."

नीलकंठभाऊंनी ते वाक्य लक्षात ठेवलं. माझं असं एकही वाक्य आजवर कुणी इतकं लक्षात ठेवलं नव्हतं.

त्यांना पेन्सिल मिळाली. शनिवार दुपारपासून फोनवर आलेलं प्रत्येक बुकिंग त्यांनी त्यात लिहिलं आणि कमिट दाबलं नाही. जुन्या ओळींत तारखा बदलल्या, ट्रे इकडचे तिकडे केले, कमिट दाबलं नाही. शेतकरी येतील तसं पक्कं करायचं, असा बेत. पण बटण सगळ्यांना मिळून एकच आहे. एकाला शाई आणि दुसऱ्याला पेन्सिल, असं करता येत नाही. हे त्यांच्या सोमवारी लक्षात आलं. मग त्यांनी टॉवेल टाकला.

"मला फोन का नाही केला?"

"म्हतलं, मंगळवारी रोपं न्याले सगळेच येतीन. मग एकदाच दाबू."

कागदावरच्या पेन्सिलीत आणि यात दोन फरक आहेत. पेन्सिलीने लिहिलेलं सगळ्यांना वाचता येतं. कमिट न केलेलं फक्त त्याच एका कॉम्प्युटरवर दिसतं. बाकी जगासाठी ते घडलेलंच नसतं. आणि पेन्सिलीने लिहिलेल्या ओळीवर दुसरा माणूसही लिहू शकतो. इथे ती ओळ कुलूपबंद होते. भाऊंनी हात लावलेल्या प्रत्येक शेतकऱ्याची ओळ तीन दिवस कुलपात होती. सुषमा दार वाजवत होती आणि मिनिटभराने परत येत होती. गोल फिरायचा तो यामुळे.

"तवा दाबा ना ते बटण," शोभाताई दारातून म्हणाल्या. त्या केव्हा आत आल्या ते कुणी पाहिलं नव्हतं. "कायले इतकं बोलून राह्यले?"

मीही तेच म्हणणार होते. पण तीन दिवसांत नक्की काय काय बदललंय, हे भाऊंना सांगता येईना. नवीन बुकिंगं तीसेक, एवढं आठवत होतं. जुन्या ओळींतले बदल आठवत नव्हते. न बघता कमिट करणं म्हणजे न वाचता अंगठा. आणि रोलबॅक केलं तर तीस शेतकऱ्यांची बुकिंगं जाणार, जे फोन करून निवांत बसलेत.

"मॅडम," सुषमा म्हणाली, "साडेबाराले लाइन जाते आज. मेंटेनन्स हाय. मेसेज आलता."

"इन्व्हर्टर किती चालतो?"

"बॅटरी जुनी हाय. कवा अर्धा तास, कवा धा मिनिटं."

डेटाबेसचा मुख्य कॉम्प्युटरही त्याच इन्व्हर्टरवर. तो बंद पडला की पेन्सिलीचं सगळं गेलं. तेव्हा सव्वाअकरा झाले होते. डायरीत लिहिलं: एक, भाऊंच्या स्क्रीनवरचं बुकिंगचं पूर्ण टेबल फाइलमध्ये उतरवणे. दोन, माझ्या लॅपटॉपवरून तेच टेबल उतरवणे. तीन, दोन्हींतला फरक काढणे. चार, एकेक फरक भाऊंना विचारणे. पाच, मग बटण.

पहिल्या तीन गोष्टींना वीस मिनिटं लागली. तेच टेबल दोन कॉम्प्युटरवर वेगळं दिसत होतं. भाऊंच्या स्क्रीनवर भाऊंचे बदल, माझ्या स्क्रीनवर त्या बदलांशिवायचं जग. भाऊ कधी इकडे बघत, कधी तिकडे.

"आता याच्यातलं खरं कोन्तं?"

"माझं. तुमचं अजून व्हायचंय."

"पन माहं नवीन हाय."

"म्हणूनच."

एकूण सत्तेचाळीस फरक निघाले. एकतीस नव्या ओळी, सोळा बदललेल्या. मी वाचत गेले, भाऊ सांगत गेले, सुषमा कागदावर खूण करत गेली. तारीख पुढे ढकलली, बरोबर. वांगी नको, कोबी पाहिजे, बरोबर. किन्हीराजाच्या एका शेतकऱ्याने वीसचे तीस ट्रे केले, बरोबर. बाराव्या बदलाला मी थांबले.

"माझ्या स्क्रीनवर आहे: शोभा वानखडे, टमाटे, साठ ट्रे, आजची तारीख. तुमच्या स्क्रीनवर त्याच ओळीत आहे: राठोड, मानोरा, टमाटे, साठ ट्रे, आजची तारीख."

सुषमाने खूण न करता कागद खाली ठेवला.

"म्हंजे?" शोभाताई म्हणाल्या. "माहे ट्रे?"

नीलकंठभाऊ खुर्चीत बसले. "मी फोन केलता ताई तुमाले. शुक्रवारी एक, शनिवारी दोन. कोनी उचलला नाई. पार्टी फोन उचलत नाई म्हंजे तिले नको अस्ते. राठोडभाऊ दोन दिसापासून मांगं लागले होते. मी त्यायले म्हतलं, पेन्सिलनं लिहून ठेवतो. पक्कं नाई."

"पन त्यायले सांगतलं ना, या म्हनून?" शोभाताईंनी विचारलं.

"सांगतलं."

"मले फोन आलाच नाई."

"आलता. हे पाहा." भाऊंनी मोबाइल पुढे केला. शोभाताईंनी नंबर पाहिला.

"हा माह्या मालकाचा नंबर हाय. ते नागपूरकडं रोडच्या कामावर हायेत, मशीनवर. तिथं त्यायले सोताचा आवाज ऐकू येत नाई, फोन कुठचा ऐकू येते?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "मॅडम, सात-बारा माह्या नावावर, बुकिंग म्या केलं, आन् फोन त्यायले कायले करता?"

प्रश्न मला होता, कारण फॉर्म माझा होता. उत्तर द्यायला वेळ नव्हता. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"भाऊ," मी म्हणाले, "ओळ एक आहे आणि नावं दोन. कोणतं ठेवायचं, ते मी ठरवू शकत नाही. तुम्ही सांगा."

"राठोडभाऊ निघाले असतीन मानोऱ्याहून."

"निघाले असतील."

"त्यायले काय तोंड दाखवू?"

"मले काय दाखवून राह्यले सकाळपासून?" शोभाताई म्हणाल्या. "धा वाजता मले पाह्यलं तुमी. पाह्यलं का नाई? पाह्यलं, आन् शेडमंधी गेले. मले वाटलं, भाऊ ट्रे काढाले गेले."

भाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी त्यांना वीस वर्षं ओळखत नाही, पण माणूस खोटा नाही एवढं मला माहीत होतं. दोन ठिकाणी शब्द दिला गेला होता आणि त्यांना तो नियम आठवत होता जो त्यांनीच केला होता.

"पार्टी समोर उभी हाय," ते शेवटी म्हणाले. "आपली रीत तीच हाय. लिहा वानखडेबाईचं नाव."

"तुमच्याच स्क्रीनवर लिहायचंय. कुलूप तुमच्याकडे आहे."

"पहिलं काय काय होतं, ते मी खोडलं ना. गाव, बियाण्याचं नाव, सगळंच बदललं."

"माझ्या स्क्रीनवर अजून आहे. मी वाचते, तुम्ही लिहा."

त्यांनी पेन्सिलीने लिहिलं होतं म्हणूनच जुनी ओळ माझ्याकडे शाबूत होती. शनिवारीच कमिट दाबलं असतं, तर शोभाताईंचं नाव तिथून गेलं असतं, आणि साठ ट्रे होते हे सिद्ध करायला त्यांच्याकडे फक्त त्यांचं तोंड उरलं असतं. हे मी त्या वेळी बोलले नाही. भाऊंना ते कळलं असतं, तर त्यांनी पेन्सिल कधीच सोडली नसती.

मी वाचलं, त्यांनी दोन बोटांनी टाइप केलं. नाव. गाव. बियाणं. साठ. शोभाताई त्यांच्या खांद्यावरून बघत होत्या. "वानखडेतला 'ख' राह्यला," त्या म्हणाल्या. राहिला नव्हता, पण भाऊंनी पुन्हा पाहिलं. उरलेले बदल पाच मिनिटांत झाले. मी पुन्हा दोन्ही टेबलांतला फरक काढला. आता सेहेचाळीस आले. जो जायला हवा होता तोच गेला होता.

"आता दाबा."

"तुमी दाबा मॅडम."

"तुमचं काम आहे, तुम्ही दाबा."

त्यांनी बटणावर बाण नेला, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि दाबलं. काहीच झालं नाही. म्हणजे स्क्रीनवर काही झालं नाही; खाली बारीक अक्षरात एक ओळ आली आणि गेली. भाऊंना ते फार थोडं वाटलं. बाहेर सुषमाने शोभाताईंची नोंद पुन्हा उघडली आणि 'रोपं दिली' दाबलं. गोल फिरलाच नाही.

बारा वाजून बावीस मिनिटं. साठ ट्रे गाडीत चढायला पाऊण तास लागला. लाइन साडेबाराला गेली. इन्व्हर्टर अकरा मिनिटं चालला.

जाताना शोभाताई मला म्हणाल्या, "मॅडम, तुमचं ते मशीन हुशार हाय. दोघायले एकच वस्तू देते."

राठोडभाऊ दीड वाजता आले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे मी तुमच्या पेन्सिलवर मानोऱ्यावरून गाडी आणली, भाऊ." भाऊ म्हणाले, "पक्कं नाई म्हतलं होतं." राठोडभाऊ म्हणाले, "म्हतलं होतं. पन या बी म्हतलं होतं." पुढच्या खेपेचे साठ ट्रे राठोडभाऊंच्या नावावर लिहिले, सुषमाच्या फॉर्ममधून, लगेच पक्के. ते रिकामी गाडी घेऊन परत गेले. त्यांचं वावर महिनाभर थांबलं. हे प्रकरण सगळ्यांसाठी नीट मिटलं, असं मी कुठेही सांगत नाही.

परतीच्या बसमध्ये यादी केली. भाऊंसाठी फक्त बघण्याचा वेगळा पासवर्ड: दुसऱ्या दिवशी केला. कनेक्शन जागं ठेवायची सेटिंग: काढली. फॉर्ममध्ये 'कच्चं बुकिंग' नावाची खूण, जी सगळ्यांना दिसेल, कुणाची ओळ अडवणार नाही आणि एकेकाची वेगळी पक्की करता येईल: आठवड्यात केली. ती भाऊंना पसंत पडली. तिचा रंग राखाडी हवा, असं त्यांनी सांगितलं, तोही केला. मी शिकले ते एवढंच: लोक आपल्या कामाची पद्धत सोडत नाहीत. त्यांना तिच्यासाठी जागा करून दिली नाही, तर ते आपल्या प्रोग्रॅममध्ये ती स्वतः करून घेतात, आणि ती जिथे करतात तिथे आपण बघत नसतो.

यादीतलं चौथं काम राहिलं आहे. शेतकऱ्यांच्या टेबलात मोबाइलचा रकाना एकच आहे. त्याचं नाव मी स्वतः तीन वर्षांपूर्वी दिलं होतं: 'कुटुंबप्रमुखाचा मोबाइल'. आणखी एक रकाना वाढवायला पाच मिनिटं लागतात. तो भरायला मात्र प्रत्येक बाईला तिचा नंबर विचारावा लागेल, आणि विचारायला फोन लावला तर तो तिचा नवरा उचलतो. सुषमा म्हणते, बाया काउंटरवर येतील तसं विचारू. ठीक आहे. शोभाताई त्या दिवशी समोर उभ्या होत्या. त्यांचा नंबर विचारायचा राहून गेला.